सदर महिलेने पाण्यात हात घालू नये

अंगठ्याच्या मशीनचा लाल दिवा सातव्यांदा लागला, तेव्हा पालिकेच्या घरकुल विभागातल्या देवरे भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मंगलचा अंगठा खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"कोरा शे," ते म्हणाले. भाऊसाहेब मूळचे सटाण्याकडचे. नाशकात तीस वर्षं काढली, पण अडचण आली की ‘आहे’ऐवजी ‘शे’ बाहेर पडतंच. "मॅडम, या बाईच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत."

मंगल घाबरली. "मी काय नाय केलं वो साहेब."

"तुम्ही काय करणार? दुसरं बोट द्या."

दुसरं बोट झालं, तिसरं झालं. दहाच्या दहा झाली. दहाही वेळा लाल. रांगेतले मागचे लोक उसासे टाकायला लागले. मी शांत होते असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी पर्सने स्वतःला वारा घालत मशीनला मनातल्या मनात शिव्या देत होते.

आधी मी कोण ते सांगते. मी संरक्षण अधिकारी होते. नाव भारदस्त आहे, पण बंदूक नाही, गाडी नाही आणि शिपाई अर्धा, म्हणजे शेजारच्या ऑफिसबरोबर वाटून घेतलेला. घरात मारहाण होत असेल तर बाईने ज्या सरकारी माणसाकडे यायचं, ती मी. तिची तक्रार लिहून घ्यायची, दवाखान्यात न्यायचं, कोर्टात कागद लावायचे आणि मुख्य म्हणजे तिला राहायला जागा बघायची. पहिली तिन्ही कामं जमून जातात. चौथ्याला मात्र भलेभले हात टेकतात. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून बाई बाहेर पडली की सगळे म्हणतात, "शाब्बास!" मग हळूच विचारतात, "पण राहणार कुठे?"

मंगल सायखेड्याच्या पुढची. लग्नाला अकरा वर्षं झालेली, सहा वर्षांची एक मुलगी, डोक्याला चार टाके. टाके नवऱ्याने दिले, म्हणजे घातले डॉक्टरांनी, घालायचं कारण नवऱ्याने दिलं. आमच्या महिला निवासात ती मुलीला घेऊन आली, त्याला आता बरेच दिवस झाले होते. निवास कुठे आहे ते मी सांगणार नाही. निवृत्त झाले तरी ती सवय जात नाही. तिथे राहायची मुदत असते आणि मंगलची मुदत संपत आली होती.

पालिकेच्या घरकुलाच्या इमारतींमध्ये अशा बायकांसाठी काही गाळे राखून ठेवलेले असतात. गाळा म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि बाथरूममध्ये बादली ठेवली तर माणूस बाहेर. पण दाराला आतून कडी आणि कागदावर बाईचं नाव! त्या वेळी एकच गाळा उरला होता. अर्ज भरायची मुदत पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. त्यानंतर तो सर्वसाधारण यादीत जाणार, आणि त्या यादीतला नंबर लागेपर्यंत मंगलची मुलगी कॉलेजात जाणार.

मंगलचा भाऊ सोमनाथ अंबडला एका कंपनीत कामाला. माणूस वाईट नाही. एका खोलीत चौघं राहतात. त्याने मला आधीच फोन करून सांगितलं होतं.

"मॅडम, तिला जागा भेटली तर लय चांगलं. नाय भेटली तर मी तिला सासरी सोडून येतो. पाव्हणे गोड बोलू राहिलेत आता. माझ्याकडं कुठं ठेवू सांगा?"

"गोड बोलतायत? डोक्याला चार टाके पडलेत तिच्या."

"ते बी खरं हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मंगलला विचारलं तर ती म्हणाली, "दादा म्हणला तर जावंच लागंल. पोरीला घिऊन काय रस्त्यावर बसू?" म्हणजे हिशेब साधा होता. शुक्रवारपर्यंत गाळा, नाहीतर पुन्हा तोच नवरा.

अर्जासाठी सगळी कागदपत्रं होती. अडलं होतं ओळख पटवण्यावर. पटवायचे मार्ग दोन. एक, आधार कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगायचा. दुसरा, मशीनवर अंगठा द्यायचा. पहिला मार्ग किती सोपा! पण मंगलच्या गावात कार्डांचं शिबिर झालं, तेव्हा नवऱ्याने घरातल्या सगळ्यांना आपलाच नंबर जोडला होता. बायकोला, आईला, आणि शेजारच्या एका म्हातारीचं कुणी नव्हतं म्हणून तिलाही. म्हणजे मंगलला घर द्यायचं, तर सरकार आधी तिच्या नवऱ्याला कळवणार.

म्हणून अंगठा. आणि तो अंगठा कोरा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. भाऊसाहेब चहा घ्यायला उठले, तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले. म्हटलं, आपण एकदा बघू. अंगठ्याचं चित्र दाबायचं होतं, मी शेजारचं दाबलं. स्क्रीनवर सुंदर हिरव्या अक्षरांत आलं, ओटीपी पाठवला आहे.

कपाळ माझं! बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी बायकांना सांगत आले की नवऱ्याला सुगावा लागू देऊ नका, आणि तो लावला कुणी तर मीच.

मंगलला सांगितलं, तेव्हा ती बाकड्याच्या टोकाला सरकून बसली. पुढचा तासभर तिने दाराकडेच बघितलं. मीही बघितलं. भाऊसाहेबांनी तर दाराशी खुर्ची टाकून घेतली. ते तब्येतीने काडी, पण खुर्ची टाकली.

संध्याकाळी सोमनाथचा फोन आला. "मॅडम, पाव्हण्यांचा फोन आला व्हता, शेजाऱ्याच्या मोबाइलवरनं. लय घाबरलेत."

"ते कशाला घाबरलेत?"

"त्यांना कसला तरी ओटीपी आला. ते म्हणत्यात, कुणीतरी खातं साफ करायला बसलंय. सिमकार्ड काढून डब्यात ठेवलंय त्यांनी. चार दिवस फोन लावू नका म्हणले."

मी खुर्चीत मागे टेकले आणि इतकी हसले की शेजारच्या ऑफिसातला अर्धा शिपाई पाणी घेऊन आला. बायकोवर काठी उचलणारा गडी सहा आकड्यांना घाबरून घरात बसला होता. पण हसून झाल्यावर लक्षात आलं की अंगठा अजून कोराच आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला समोर बसवून शिकवणी घेतली. त्यांनी पूर्वी रेशनच्या कामात बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे झिजलेली बोटं त्यांना पाठ होती.

"या बाई काय काम करायच्या?"

"द्राक्षबागेत. छाटणी झाली की काड्यांना हाताने औषध पुसायचं, मग घडातले जादा मणी काढायची विरळणी, मग घड औषधात बुडवायचे. बागेतलं संपलं की कांदे. घरी आल्यावर सगळ्यांची धुणी-भांडी."

"हातमोजे?"

"भाऊसाहेब!"

"बरं, राहिलं. त्या औषधानं कातडं जातं, मॅडम. राहिलेलं भांड्याची राख खाते. पण कातडं म्हणजे काय भिंत नाही, परत येतं. तिला पाण्यात हात घालू देऊ नका. रोज खोबरेल चोळा. काहीही घासायचं नाही. आठ-दहा दिवसांत रेषा उमटतात. मी कितीतरी म्हाताऱ्यांच्या उमटवल्यात."

"एवढंच?"

"एवढंच," ते म्हणाले. "सोपं शे."

सोपं! भाऊसाहेबांनी आयुष्यात कधी खेड्यातल्या बाईला स्वस्थ बसवून बघितलं नसावं.

मी मंगलला समजावलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी निवासाच्या अधीक्षक कुंदाताईंचा फोन. कुंदाताई म्हणजे शिस्तीला कडक, आणि बोलण्याची ढब पोलिसांची.

"मॅडम, तुमच्या बाईने कढई घासली."

"कशावरून?"

"कढई चकाकते आहे. आमच्याकडे दुसरं कुणी अशी घासत नाही. कढई मी जप्त करून माझ्या कपाटात ठेवली आहे."

मी गेले. मंगल पदराखाली हात लपवून उभी.

"मंगल, काय ठरलं होतं आपलं?"

"मॅडम, समद्या कामं करत्यात अन् मी एकलीच बसू? फुकटचं गिळू? लाज वाटती."

"घर पाहिजे ना?"

"पायजे."

"मग बस!"

बसली. मी गेटपर्यंत पोचेस्तोवर ती मोरीत होती. पाय धुवायला गेले होते म्हणाली. हातात कुणाचा तरी परकर.

मग मला एक युक्ती सुचली. मंगल तोंडी सूचनेला मान देत नव्हती, पण कागदाला देत होती. कोर्टाचा एक कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीखाली ठेवला होता. त्यावर काय लिहिलंय ते तिला नीट माहीत नव्हतं, पण गोल शिक्का होता. मी कुंदाताईंच्या टेबलावर बसले आणि झोकात लिहिलं:

"कार्यालयीन आदेश. सदर महिलेने पुढील शुक्रवारपर्यंत पाण्यात हात घालू नये. भांडी, धुणे, फरशी, कणीक मळणे, लसूण सोलणे व तत्सम कामे करू नयेत. सदर आदेशाचा भंग झाल्यास त्याची गंभीर दखल घेण्यात येईल."

खाली सही ठोकली, पर्समधून शिक्का काढून उमटवला. जावक क्रमांक टाकला नाही, कारण आमच्या जावक लिपिकाला हे काय सांगणार? कुंदाताईंनी सगळ्या बायकांना व्हरांड्यात उभं करून तो मोठ्याने वाचला. ‘तत्सम’ला त्यांनी असा काही जोर दिला की एक-दोघींनी डोक्यावर पदर घेतला.

मंगलने विचारलं, "हे सरकारनं काढलं?"

"हो."

"माझ्या एकलीसाठी?"

"तुझ्या एकटीसाठी."

तिने तो कागद घेतला, घडी केली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तशी.

पहिले दोन दिवस तिचे फार हाल झाले. नळाचा आवाज आला की ती उठायची, मग आठवण होऊन खाली बसायची. पोळपाट-लाटण्याचा आवाज आला की मान तिकडे. तिच्या वाटणीची कामं बाकीच्या बायकांनी वाटून घेतली आणि कधी नव्हे ते त्याबद्दल एकही भांडण झालं नाही. तिसऱ्या दिवशी कुंदाताईंचा पुन्हा फोन.

"मॅडम, ती झोपली आहे."

"मग झोपू द्या ना."

"जेवल्यापासून झोपली आहे. चहाला हलवली, उठली नाही. डॉक्टर बोलावू का?"

"श्वास चालू आहे?"

"घोरते आहे."

"मग आदेशाचं पालन चालू आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला खरा, पण मला जरा भरून आलं. अकरा वर्षांत ही बाई दुपारची कधी आडवी झाली असेल असं वाटत नव्हतं. नंतर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "झाले व्हते की. बाळंतपणात. पाच दिवस."

त्यानंतर ती रुळली. कुणाच्या डोक्याला तेल लावू का, असं तिने मला विचारलं. तेल म्हणजे बोटांना औषधच, तेव्हा परवानगी दिली. झालं! रोज सकाळी व्हरांड्यात रांग. अकरा डोकी. कुंदाताई बारावी. खोबरेल संपायला लागलं, तसं भाऊसाहेबांनी स्वतः एक बाटली पाठवली आणि चिठ्ठीत विचारलं, "रेषा दिसतात का?" मी भिंग घेऊन जायचे. मंगल अंगठा पुढे करायची आणि आम्ही दोघी त्यावर वाकायचो. सोमवारी काहीतरी दिसलं. मंगळवारी नक्की दिसलं. अगदी बारीक, गोल गोल.

"ही माझीच?" मंगलने विचारलं.

"नाहीतर कुणाची?"

ती बराच वेळ अंगठा बघत बसली.

आता बुधवारची गोष्ट. कुंदाताई भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर गेल्या. मी कोर्टात अडकले. निवासात मालेगावकडची शबाना म्हणून एक होती, मेंदी काढण्यात उस्ताद. ती आणि बाकीच्या बायका दुपारी व्हरांड्यात बसल्या होत्या. समोर मंगलचे दोन रिकामे हात, मऊ, तेलकट, आठवडाभर पाणी न लागलेले. बायकाच त्या. बघवेना त्यांना. एक म्हणाली, हळद लागलेल्या नवरीलाही असंच कामाला लावत नाहीत. दुसरी म्हणाली, परवा घर मिळणार हिला, मग नवरीच की. शबानाने कोन आणला.

आदेश पाण्याबद्दल होता. मेंदीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी तो वाचून खात्री करून घेतली होती म्हणे.

शुक्रवारी सकाळी मी रिक्षा घेऊन दारात. मंगल नवी साडी नेसून आली आणि लाजत लाजत दोन्ही हात पुढे केले. तळव्यावर मोठा गोल चांद, भोवती वेलबुट्टी, आणि दहाच्या दहा बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत भरून काढलेली. लालभडक! रंग फार सुरेख चढला होता.

"मॅडम, छान दिसतंय ना?" शबानाने विचारलं. "टोकं भरली नाहीत तर मेंदी कसली?"

"छान आहे ग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मनात म्हटलं, मशीन घेईल. रंगच आहे, रेषा तर आहेत.

भाऊसाहेबांनी हात बघितले आणि खुर्चीत खाली घसरले.

"मॅडम! परीक्षेला जाणाऱ्या पोरींना सांगतात ना, मेंदी लावू नका म्हणून? ते कशाला सांगतात?"

"मला वाटलं, शिस्त म्हणून."

"मशीनला रंग म्हणजे अंधार! शिस्त कसली?"

तरी करून बघितलं. उजवा अंगठा, लाल. डावा, लाल. तर्जनी, मधलं, करंगळी, लाल, लाल, लाल. दिवा लाल, बोटं लाल आणि भाऊसाहेबांचं तोंडही. कुणीतरी म्हणालं, लिंबू चोळा. आमचा अर्धा शिपाई सोबत होता, तो धावत जाऊन लिंबू घेऊन आला. भाऊसाहेब ओरडले, "चोळू नका! चोळलं की इतक्या दिवसांच्या रेषा गेल्या!" म्हणजे चोळलं तर रेषा जाणार आणि नाही चोळलं तर मेंदी राहणार. लिंबू मग तसंच टेबलावर पडून राहिलं.

मी आमच्या साहेबांना फोन लावला.

"सर, मुदत वाढवून मिळेल का? सोमवारपर्यंत?"

"कारण काय?"

"मेंदी, सर."

साहेब म्हणाले, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

दुपारची जेवणाची सुट्टी झाली, संपली. तीन वाजले. साडेतीन. निवासातून शबानाचा फोन आला. झालं का म्हणून विचारायला केला होता, आणि कारण कळल्यावर रडायलाच लागली. "मीच घालवलं हिचं घर." मंगलने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिचीच समजूत घातली. "रडू नको गं. तू काय मुद्दाम केलं का? अकरा वर्षांत माझ्या हाताला मेंदी लागली नव्हती. बरं वाटलं मला." फोन परत दिला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज नव्हता हलला. राग आला होता मला, मेंदीचा नाही, स्वतःचा. वर सोमनाथचा मेसेज आला होता: साडेपाचला येतो, काय ते सांगा.

मंगल बाकड्यावर येऊन बसली. दोन्ही लाल तळवे मांडीवर. थोड्या वेळाने तिने भाऊसाहेबांना विचारलं, अगदी सरळ, भांडणाचा सूर नाही.

"साहेब, ज्याला हातच नाय, त्याला तुम्ही घर देत नाय का?"

भाऊसाहेब म्हणाले, "देतो की."

"मंग त्याचा अंगठा कसा घेता?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

"परिपत्रक काढा," मी म्हटलं. परिपत्रक म्हणजे नियम समजावून सांगणारा सरकारी कागद. प्रत्येक ऑफिसात त्याची एक प्रत असते आणि ती सगळ्यांना पाठ आहे असा समज असतो. मी माझ्या फायलीतली प्रत काढली, भाऊसाहेबांनी त्यांच्या टेबलावरची. दोन्ही सारख्या. तीन कागद. ओटीपी किंवा अंगठा. बाकी काही नाही.

"हातांबद्दल काहीच नाही," मी म्हटलं.

"मुद्दा सहानंतर एकदम मुद्दा अकरा शे," भाऊसाहेब हळूच म्हणाले.

मी खालचे आकडे बघितले. पान एक. पान तीन. पान पाच.

कुणीतरी, कधीतरी, मूळ परिपत्रकाची झेरॉक्स काढताना कागद उलटवला नव्हता. मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, आणि अशी ती अर्ध्या जिल्ह्यात फिरली. आम्ही सगळे अर्धाच नियम पाळत होतो, आणि तोही मोठ्या निष्ठेने.

मूळ प्रत मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. भाऊसाहेबांनी कपाटाला एक बुक्की मारली आणि दार उघडलं, ते नेहमीच तसं उघडतं म्हणे. धूळ झटकून त्यांनी कागद उलटवला आणि बोट ठेवून वाचायला लागले. "मुद्दा सात. अर्जदाराच्या बोटांचे ठसे कोणत्याही कारणाने उमटत नसल्यास, खालीलपैकी कोणत्याही एका अधिकाऱ्याने अर्जदाराची समक्ष ओळख पटवून तसे प्रमाणपत्र द्यावे. अ, तहसीलदार. ब, गटविकास अधिकारी."

"आता साडेचारला तहसीलदार कुठे गाठू मी?" मी पर्स उचलली.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी वाचायचं थांबवून माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. "क. संरक्षण अधिकारी."



"म्हणजे कोण?" मंगलने विचारलं.

"म्हणजे मी," मी म्हटलं.

मी बसले आणि पाच ओळी लिहिल्या. या बाईला मी ओळखते, ती समक्ष हजर आहे, ती तीच आहे. सही केली, शिक्का उमटवला. अर्ज भरायला सात मिनिटं लागली. स्क्रीनवर पोच आली, तेव्हा पाचला दहा कमी होते. भाऊसाहेबांनी ती छापून मंगलच्या हातात दिली आणि म्हणाले, "जपून ठेवा. दोन्ही बाजू बघून घ्या."

मंगलने पोच पिशवीत घातली. मग माझ्याकडे वळली.

"मॅडम, म्हणजे ही सही तुम्ही पहिल्याच दिशी केली असती तरी चाललं असतं?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "हो," मी म्हटलं.

ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. त्या बाईला मी पहिल्यांदाच हसताना बघत होते. भाऊसाहेब हसायला लागले, रांगेतले दोघे काही न कळता हसले. मी हसावं की रडावं, कळेना.

"माफ कर ग," मी म्हटलं.

"माफी कशाची मागता वो? पहिल्या दिशी केली असती तर मी काय, खोली घिऊन लगेच घासायला बसले असते. असं बसायला मला कुणी सांगितलं असतं?"

साडेपाचला सोमनाथ आला. बहिणीने त्याला पोच दाखवली. त्याने ती वाचली, परत दिली आणि तोंड फिरवून रुमालाने घाम पुसत राहिला. घाम बराच वेळ येत होता. मग म्हणाला, "सामान हलवायला कंपनीतला टेंपो सांगतो." पुढे गाळ्याची किल्ली मिळाली, तेव्हा टेंपो आला, पण त्यात ठेवायला सामान फारसं नव्हतंच. एक ट्रंक, मुलीचं दप्तर आणि कुंदाताईंनी कपाटातून काढून दिलेली ती जप्त कढई.

राहता राहिली फाईल. प्रत्येक फायलीत एक रकाना असतो, ‘विलंबाचे कारण’. साहेबांनी तो बघितला आणि मला बोलावलं.

"अर्ज अकरा दिवस का रखडला? इथे तुम्ही लिहिलंय, ‘अर्जदार विश्रांतीवर होती.’ हे काय कारण आहे? ‘तांत्रिक अडचण’ लिहा."

"सर, झेरॉक्स एका बाजूची होती, असं लिहू का? सगळ्या ऑफिसांना स्पष्टीकरण द्यावं लागेल."

साहेबांनी विचार केला. "असू दे विश्रांती," ते म्हणाले आणि सही केली.

तेव्हापासून हातात कुठलाही सरकारी कागद आला की मी आधी तो उलटून बघते. नव्या मुलींना प्रशिक्षणात मी हेच सांगते, बाकी कायदा त्या पुस्तकात वाचतात. पान एकनंतर पान तीन आलं, तर दोन कुठे गेलं ते विचारा. बत्तीस वर्षांत मी ते विचारलं नव्हतं, याची लाज वाटते. फक्त मंगलच्या वेळी तो कागद अकरा दिवस उशिरा उलटला, याची वाटत नाही.